घटस्फोटानंतरचं मृत्युपत्र: मुलं सज्ञान असतील तर कागद कोणत्या क्रमाने करायचे

घटस्फोटाचा हुकूमनामा (न्यायालयाची डिक्री) हातात आला, मुलं कमावती झाली, की पुष्कळ जण एखाद्या रविवारी कागद घेऊन बसतात आणि मृत्युपत्र लिहून मोकळे होतात. फ्लॅट मुलीला, ठेवी मुलाला, दागिने सुनेला, खाली सही. पुढे कधीतरी कळतं की फ्लॅटच्या भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेट) माजी नवऱ्याचं नाव तसंच आहे, विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी तोच आहे आणि लग्न टिकलेलं असताना केलेलं जुनं मृत्युपत्र त्याच्याच कपाटात पडून आहे.

घटस्फोटाने लग्न संपतं, कागदांवरची नावं पुसली जात नाहीत. ती एकेक करून आपल्यालाच काढावी लागतात, आणि तीही मृत्युपत्राच्या आधी. म्हणून या लेखात मजकूर लिहिण्याचा टप्पा बराच उशिरा येतो.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या, हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या व्यक्तींना धरून आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. गोव्यात कायदाच निराळा आहे: मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो आणि मृत्युपत्र स्पेशल नोटरीपुढे होतं. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांसाठी दोन ठिकाणी वेगळी सूचना दिली आहे.

## आधी हे पाहा: निकाल लागला आहे का?

दावा चालू आहे, दहा वर्षं वेगळे राहतो, बोलणंही बंद आहे, यातल्या कशानेही वारसाहक्क तुटत नाही. हुकूमनामा होईपर्यंत नवरा हा नवरा आणि बायको ही बायको. दावा चालू असताना पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको विधवा म्हणून मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने वाटा घेते. बाई गेली तर नवरा मुलांबरोबर वाटेकरी होतो.

त्यामुळे निकाल बाकी असेल तर खालच्या क्रमाची वाट पाहू नका. आज एक पानी मृत्युपत्र करून ठेवा: आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द, माझ्या मालकीचं जे काही असेल ते मुलांना समान, दोन साक्षीदार, तारीख. सविस्तर मृत्युपत्र निकालानंतर करा.

> सावधान: घटस्फोट झाल्याने जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. काही देशांत होतं, आपल्याकडे तशी तरतूद नाही. जुन्या कागदात "माझी पत्नी अमुक हिला" असं नावानिशी लिहिलेलं असेल तर ती बायको राहिली नाही म्हणून देणं बुडालं, असं धरून चालू नका.

## टप्पा १: हुकूमनामा पुन्हा वाचा

हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आणि परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर सोबतच्या संमती अटी समोर ठेवा. पेन घेऊन या तीन गोष्टींखाली रेघ मारा.

पहिली, देणं. एकरकमी पोटगी पूर्ण दिली का? हप्ते असतील तर शेवटचा कधी? थकलेली पोटगी हे तुमच्यावरचं कर्ज आहे. तुमच्या मागे ते मिळकतीतून फेडावं लागेल आणि उरेल ते मुलांना मिळेल.

दुसरी, कबुली. "मुलगी लग्न करीपर्यंत फ्लॅट विकणार नाही", "आईला तहहयात राहू देईन", "मुलाच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील" अशी वाक्यं संमती अटींत असतात आणि पाच वर्षांनी कोणाला आठवत नाहीत. न्यायालयापुढे दिलेल्या कबुलीच्या उलट मृत्युपत्र केलंत तर भांडण मुलांच्या गळ्यात पडतं.

तिसरी, मिळकतीचं वाटप. कोणती मिळकत कोणाच्या वाट्याला गेली आणि त्याप्रमाणे पुढचे दस्त झाले का? "झाले असतील" हे उत्तर चालणार नाही. पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

## टप्पा २: मिळकतीची यादी, कागद बघून

यादी आठवणीने करू नका. प्रत्येक ओळीसमोर कागद हवा आणि त्या कागदावर नेमकी कोणाची नावं आहेत ते जसंच्या तसं उतरवा.

- फ्लॅट: नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), सोसायटीचा भाग दाखला
- जमीन: सातबारा, आठ-अ, शेवटचा फेरफार, भोगवटादार वर्ग १ की २ (वर्ग २ म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधनं असलेली)
- गावठाणातलं घर: मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा उतारा
- बँक, पोस्ट, पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी
- डीमॅट, म्युच्युअल फंड, विमा
- लॉकर: कोणाकोणाच्या नावे, किल्ली कोणाकडे
- देणी: गृहकर्ज, हातउसने, जामीनकी

प्रत्येक मिळकतीसमोर "स्वकष्टार्जित" की "वडिलोपार्जित" हेही लिहा. यात दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला आणि मुलीलाही जन्माने हक्क आहे (मुलींचा हक्क २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला), तिथे तुम्ही मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकता. मात्र "आजोबांचं आहे म्हणजे नातवाचा हक्क आहेच" हेही सरसकट खरं नाही. १९५६ च्या कायद्यानंतर वडील मृत्युपत्र न करता गेले आणि त्यांची स्वतःची मिळकत वारस म्हणून तुमच्या वाट्याला आली, तर ती तुमची स्वतंत्र मिळकत धरली जाते. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हे स्पष्ट आहे. एखादी जमीन यातल्या कोणत्या खान्यात बसते ते जुने फेरफार बघितल्याशिवाय कळत नाही. अशी जमीन असेल तर वकिलाची फी वाचवू नका.

### नावाचा घोळ

हा त्रास बायकांच्या वाट्याला जास्त येतो. करारनाम्यावर सासरचं नाव, घटस्फोटानंतर आधारवर माहेरचं, पॅनवर पुन्हा सासरचं, गावच्या सातबारावर लग्नाआधीचं. माणूस गेल्यावर ही चार नावं एकाच बाईची आहेत हे मुलांना कार्यालयाकार्यालयांत सिद्ध करत बसावं लागतं. त्यापेक्षा मृत्युपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात सगळी नावं "उर्फ" लावून लिहा आणि कोणतं नाव कोणत्या कागदावर आहे तेही नमूद करा. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर त्याची प्रत सोबत ठेवा.

## टप्पा ३: संयुक्त नावं सोडवा

सगळ्यात जास्त मृत्युपत्रं इथे अडकतात.

लग्नात असताना दोघांच्या नावावर घेतलेला फ्लॅट घटस्फोटानंतरही दोघांच्याच नावावर राहतो. तुमच्या नावावर निम्मा असेल तर मृत्युपत्राने निम्माच देता येतो, आणि तुमच्या मागे मुलगी तिच्या बापाची किंवा आईची सहमालक होते. "हप्ते सगळे मीच भरले" हे मृत्युपत्रात कितीही ठासून लिहिलं तरी भाग दाखल्यावरचं दुसरं नाव त्याने हलत नाही.

समोरच्याने हिस्सा सोडायचं कबूल केलं असेल तर तसा दस्त (हक्कसोड, बक्षीस किंवा खरेदी, प्रकरणाप्रमाणे) दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. मग सोसायटीकडे अर्ज देऊन भाग दाखल्यावर नाव कमी करून घ्या आणि गृहकर्ज असेल तर बँकेच्या कागदातूनही. संमती अटींवरच भागणार आहे की वेगळा दस्त लागणार, ते ती मिळकत दाव्याचा विषय होती का आणि अटींची भाषा काय आहे यावर ठरतं. हुकूमनामा दाखवून वकिलाला एवढा एकच प्रश्न विचारा.

वेळेचा एक मुद्दा पैशाचा आहे. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांकाची मोठी सवलत आहे, मूळ शुल्क २०० रुपये. ही सवलत नात्याला आहे आणि हुकूमनाम्यानंतर ते नातं उरत नाही. दावा अजून चालू असेल आणि दोघांचं एकमत असेल तर हा दस्त निकालाआधी उरकणं स्वस्त पडतं.

संयुक्त बँक खाती बंद करून एकट्याच्या नावे नवी उघडा. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" अशा खात्यातली रक्कम बँक मागे राहिलेल्या खातेदाराला देऊन मोकळी होते. मग मृत्युपत्र हातात घेऊन मुलांनी आपल्याच आईबापावर दावा लावायचा. कोण लावणार? लॉकरचंही तेच, आणि लॉकर लांबणीवर टाकू नका. आत काय होतं याचा पुरावा नंतर कोणाकडेच नसतो.

> तपासा: या टप्प्याच्या शेवटी एकाही कागदावर माजी जोडीदाराचं नाव राहिलेलं नको. जे काढता आलं नाही ते यादीत लाल पेनाने लिहा. मजकूर लिहिताना त्याचा उपयोग होईल.

## टप्पा ४: नॉमिनेशन बदला

नॉमिनी मालक नसतो. रक्कम किंवा ताबा स्वीकारून खऱ्या वारसांपर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं आणि शेअर-डीमॅटबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात. सोसायटीतही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो.

हे ऐकून "मग नॉमिनी कोणी का असेना, मृत्युपत्र आहे ना" असं म्हणणारे खूप आहेत. व्यवहारात बँक नॉमिनीला पैसे देते. ते परत मागायला मुलांना माजी जोडीदाराच्या दारात जावं लागतं. शिवाय खालच्या अपवादांत नुसतं मृत्युपत्र पुरत नाही.

आयुर्विमा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांची स्वतःची होते. लग्नात असताना बायकोला नॉमिनी केलं आणि घटस्फोटानंतर तसंच ठेवलं, तर वादाला आयतं निमंत्रण. विमा कंपनीकडे बदलाचा अर्ज द्या आणि बदलाची नोंद झाल्याचं पत्र घ्या.

विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखालची पॉलिसी. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर, १८७४ च्या या कायद्याचा उल्लेख करून घेतलेली पॉलिसी हा बायको-मुलांसाठीचा विश्वस्त निधी असतो. तो तुमच्या मिळकतीत मोडत नाही, त्याचा लाभार्थी मृत्युपत्राने बदलता येत नाही. पॉलिसीच्या दस्तऐवजात या कायद्याचा शिक्का किंवा पुरवणी आहे का ते पाहा. असेल तर ती पॉलिसी यादीतून वगळा आणि मुलांचे वाटे तिला सोडून मोजा.

भविष्य निर्वाह निधी. नॉमिनेशन ऑनलाइन बदलता येतं. कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, म्हणून मुलांची नावं टाका. ग्रॅच्युइटीचा अर्ज कंपनीत वेगळा असतो, तो राहून जातो.

बँक. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारी लावून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एकच.

सोसायटी. नॉमिनेशनचा अर्ज तीन प्रतींत देतात. समितीच्या सभेत नोंद होऊन एक प्रत सही-शिक्क्यानिशी परत येते. ती परत आली नसेल तर नॉमिनेशन झालं असं समजू नका.

शक्यतो मृत्युपत्रात ज्याला जे देणार आहात त्यालाच तिथे नॉमिनी ठेवा. नॉमिनी मुलगा आणि मृत्युपत्राने मालक मुलगी, अशी रचना कायद्यात बसते पण भावाबहिणीत कडवटपणा आणते.

## टप्पा ५: कोणाला काय, हे ठरवणं

आधी मृत्युपत्र न केल्यास काय होईल ते पाहा. घटस्फोटित पुरुषाच्या मागे मुलगा, मुलगी आणि त्याची आई समान वाटेकरी. दोन मुलं आणि आई हयात असेल तर तीन सारखे भाग. हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. घटस्फोटित बाईच्या मागे तिची मुलं समान. माजी नवरा किंवा माजी बायको कोणाच्याच वारसांत नाही.

मग मृत्युपत्र कशाला? कोणता फ्लॅट कोणाला ते ठरवायला, वाटे कमीजास्त करायला, आणि खाली सांगितलेल्या उलट्या वाटेला आळा घालायला.

### उलटी वाट

माजी जोडीदार तुमचा वारस नाही, पण तुमच्या मुलाचा आहे. तुम्ही फ्लॅट अविवाहित मुलाला दिलात, तो त्याच्या नावावर झाला आणि पुढे तो मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्याने त्याची आई पहिल्या वर्गातली, म्हणजे सगळ्यात आधी हक्क मिळणारी, वारस. बायको-मुलं नसतील तर सगळं आईला, म्हणजे तुमच्या माजी पत्नीला. मुलगी अविवाहित असेल तर तिच्या मागे तिचे आईवडील दोघं. यात गैर काही नाही, ती त्या मुलांची आई आहे किंवा तो बाप आहे. तुम्हाला ते चालणार असेल तर इथे काही करायची गरज नाही. चालणार नसेल तर दोन गोष्टी करा.

1. मृत्युपत्रात पर्यायी नाव द्या: मुलगा माझ्या आधी गेला तर त्याचा वाटा कोणाला. हे न लिहिता "मुलाला" एवढंच लिहून सोडू नका.
2. पर्यायी नाव तुमच्या हयातीपुरतंच कामाचं. मिळकत मुलाच्या नावावर झाल्यावर तुमचा शब्द संपतो. म्हणून सज्ञान मुलांना त्यांची स्वतःची मृत्युपत्रं करायला सांगा. पंचविशीतल्या मुलाला हे अभद्र वाटतं. तरी सांगा.

### कमीजास्त वाटे

स्वतःची मिळकत कोणालाही, कितीही देता येते. एका मुलाला काहीच न देणंही कायद्यात बसतं. (अविवाहित मुलीला पूर्ण वगळलंत तर ती मिळकतीतून पोटगी मागू शकते, एवढं ध्यानात असू द्या.) पण घटस्फोटानंतर कमीजास्त वाट्याला वेगळाच रंग चढतो. एक मूल आईकडे वाढलेलं, दुसरं बापाकडे, त्यामुळे फरक कशासाठीही केला तरी "त्याने आईची बाजू घेतली म्हणून" असंच वाचलं जातं. म्हणून एका वाक्यात कारण लिहा, आणि ते खरं आणि तपासता येईल असं असू द्या: "मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी मी रक्कम खर्च केली असल्याने ठाणे येथील सदनिका मुलीस देत आहे." मुलाने फोन केला नाही, सून वाईट वागली, माजी पत्नीने आयुष्य नासवलं, असलं काही लिहू नका. त्यातली एक गोष्ट खोटी ठरली की सगळ्या मृत्युपत्राकडे संशयाने पाहिलं जातं.

एकच फ्लॅट दोन मुलांना निम्मा-निम्मा देणं दिसायला न्याय्य असतं. एक मुलगी त्यात राहते आणि मुलगा कॅनडात, तर मग तो विकायचा की ठेवायचा, देखभालीचे पैसे कोण भरणार, सोसायटीच्या सभेला कोण जाणार? माझ्या मते एकाला फ्लॅट आणि दुसऱ्याला रोख किंवा ठेवी हे बरं. तेवढी रोकड नसेल तर निदान ठरावीक मुदतीत एकाने दुसऱ्याचा हिस्सा बाजारभावाने घ्यावा, नाही तर विकून रक्कम वाटून घ्यावी, असं लिहून ठेवा.

## टप्पा ६: मजकूर

स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. हाताने लिहा किंवा टाइप करा. भाषा तुम्हाला समजणारी हवी. मराठीत केलेलं मृत्युपत्र इंग्रजीपेक्षा कमी कायदेशीर असतं हा समज सोडा.

ही वाक्यं जवळपास अशीच घालता येतील:

जुनी मृत्युपत्रं: "यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवणी मृत्युपत्रे मी या मृत्युपत्राने रद्द करीत आहे."

घटस्फोट: "माझा व श्री. … यांचा विवाह कौटुंबिक न्यायालय, … येथील अर्ज क्र. … मधील दि. … च्या हुकूमनाम्याने संपुष्टात आला आहे. सदर हुकूमनाम्याप्रमाणे उभयतांमधील सर्व देणे-घेणे पूर्ण झाले आहे." दुसरं वाक्य खरं असेल तरच. बाकी असेल तर किती बाकी आहे आणि ते कोणत्या खात्यातून द्यायचं ते लिहा.

नॉमिनेशन: "कोणत्याही संस्थेत कोणाचेही नामनिर्देशन असले तरी ती व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारण्यास पात्र असून तिने ती या मृत्युपत्राप्रमाणे द्यावयाची आहे." टप्पा ३ आणि ४ मध्ये लाल पेनाने लिहिलेल्या गोष्टी इथे नावानिशी घ्या.

पर्याय: "माझ्या हयातीत माझा मुलगा चि. … मयत झाल्यास त्यास दिलेली मिळकत … यांस मिळावी."

उरलेलं: "या मृत्युपत्रात नमूद नसलेली अथवा यापुढे मी मिळवीन अशी सर्व स्थावर-जंगम मिळकत … यांस समान मिळावी." हे वाक्य राहून गेलं की पुढच्या वर्षी केलेली मुदतठेव मृत्युपत्राबाहेर पडते.

मिळकतीचं वर्णन करारनाम्यातून उतरवा: सदनिका क्रमांक, मजला, इमारत, सर्व्हे किंवा सिटीएस क्रमांक, भाग दाखल्याचा क्रमांक. बँक खात्यातली रक्कम लिहू नका, ती रोज बदलते. बँक आणि शाखा पुरे.

व्यवस्थापक (एक्झिक्युटर) एक नेमा आणि एक पर्यायी. मुलगा किंवा मुलगी व्यवस्थापक होऊ शकते, वाटेकरी असली तरी. पण परदेशातल्या मुलाला नेमलंत तर प्रत्येक सहीसाठी त्याला रजा काढून यावं लागेल. मुलांचं आपसात जमत नसेल तर दोघांनाही नेमू नका, दोघांना मान्य असलेला मामा, मावशी किंवा मित्र पाहा, आणि नेमण्याआधी त्याला विचारा.

## टप्पा ७: सह्या

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला हवं असतं ते इतकंच: तुमची सही, किमान दोन साक्षीदार, प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ही सही माझी असं तुम्ही त्याला सांगितलेलं असावं, आणि प्रत्येक साक्षीदाराने तुमच्यासमोर सही केलेली असावी. व्यवहारात तिघं एका खोलीत बसा. आधी तुम्ही प्रत्येक पानावर, मग साक्षीदार. सगळ्यांची एकच तारीख.

- साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवण्याची गरज नाही.
- साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि पुढे सापडतील असे घ्या. न्यायालयात मृत्युपत्र शाबीत करायला किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते.
- मृत्युपत्राने ज्यांना काही मिळणार ते किंवा त्यांचे पती-पत्नी साक्षीदार नकोत. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींच्या बाबतीत अशा साक्षीदाराला दिलेलं देणंच रद्द ठरतं. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला जागा कशाला ठेवायची?
- वय झालं असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला घ्या: सारासार विचार करण्याची क्षमता आहे. डॉक्टरच साक्षीदार झाले तर आणखी उत्तम.
- खाडाखोड झाली तर ते पान पुन्हा काढा. सही झाल्यानंतरचा बदल पुन्हा सही आणि साक्षीशिवाय मोजला जात नाही.

> सावधान: जिला जास्त मिळणार आहे तीच मुलगी वकील शोधते, गाडीने नेते, फी भरते आणि सही होताना शेजारी बसते. प्रेमानेच करते. पण लाभ घेणाऱ्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेणं ही संशयास्पद बाब आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या व्यंकटाचल अय्यंगार खटल्यापासून सांगितलं आहे. त्या दिवशी मुलांना घरी ठेवा.

## टप्पा ८: नोंदणी

नोंदणी सक्तीची नाही. तरी घटस्फोटाच्या घरात ती करावी असं मी म्हणेन. फोटो, अंगठा आणि अधिकाऱ्यासमोरची कबुली यांमुळे "ही सही त्यांची नाहीच" हा पहिला आक्षेप बराच लुळा पडतो. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी फी नाममात्र आहे. कितीही जुनं मृत्युपत्र नोंदवता येतं, मुदत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येण्याची तरतूद आहे.

"नोंदवलं की माजी नवरा नक्कल काढेल" ही भीती मनातून काढा. मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात नोंदली जातात आणि तुमच्या हयातीत नक्कल फक्त तुम्हाला किंवा तुम्ही अधिकार दिलेल्या माणसाला मिळते.

आणखी एक गैरसमज: नोंदवलेलं मृत्युपत्र नोंदवूनच बदलता येतं. तसं नाही. नंतरचं, नीट सह्या-साक्षी झालेलं बिननोंदणीचं मृत्युपत्रही आधीचं रद्द करतं. म्हणून जुन्याच्या सगळ्या प्रती गोळा करून फाडा, आणि जी तुमच्या हातात नाही (माजी जोडीदाराकडे राहिलेली) तिचा तारखेसह उल्लेख नव्या मृत्युपत्रात करा.

## टप्पा ९: ठेवायचं कुठे, सांगायचं काय

मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि लॉकर एकट्याच्या नावे, ही जोडी टाळा. लॉकर उघडायला कागद हवेत आणि कागद लॉकरमध्ये. मूळ प्रत व्यवस्थापकाकडे किंवा वकिलाकडे ठेवा, छायाप्रत घरी. सोबत टप्पा २ ची यादी ठेवा आणि ती दर वर्षी ताजी करा. यादीला साक्षीदार लागत नाहीत.

मुलांना मृत्युपत्र आहे, मूळ प्रत कुठे आहे आणि व्यवस्थापक कोण, एवढं दोघांनाही एकाच वेळी सांगा. एकाला आधी सांगून "दुसऱ्याला बोलू नकोस" म्हणू नका. वाटे समान असतील तर आकडे सांगायची गरज नाही. असमान असतील तर ज्याला कमी मिळणार त्याला तुमच्याच तोंडून कळू द्या.

प्रोबेटबद्दल (मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र) प्रश्न हमखास येतो. मुंबईतल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेणं भाग होतं. ती सक्ती करणारं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. भावंडांत वाद होण्याची शक्यता असेल किंवा एखादी संस्था अडून बसली, तर प्रोबेट घेण्याचा मार्ग खुला आहेच.

## पुन्हा कधी काढायचं

मिळकत विकली किंवा घेतली, मुलाचं लग्न झालं किंवा मोडलं, व्यवस्थापक किंवा साक्षीदार वारला, पोटगीचा शेवटचा हप्ता फिटला: यातलं काहीही झालं की मृत्युपत्र काढून वाचा. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र चालतं, पण त्यालाही दोन साक्षीदार लागतात. दोनपेक्षा जास्त पुरवण्या जोडू नका, नवंच करा.

आणि तुम्ही दुसरं लग्न केलंत तर त्याच महिन्यात. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्दच होतं. हिंदूंचं होत नाही, ते जसंच्या तसं उभं राहतं: त्यात नव्या जोडीदाराचं नाव नसतं आणि राहत्या घरातून तिला किंवा त्याला बाहेर काढण्याचा हक्क पहिल्या लग्नाच्या मुलांकडे जातो. नव्या जोडीदाराला तहहयात राहू द्यायचं आणि नंतर घर मुलांकडे जावं असं वाटत असेल, तर या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा, आणि त्या काळात घरपट्टी, दुरुस्ती आणि सोसायटीचं बिल कोणी भरायचं हेही.